सदतीस झाडं

जानेवारी २००८ मधल्या तिसऱ्या रविवारी दुपारी मी वांगणीला पोचले, तेव्हा बाबा वालाच्या शेतात उकिडवे बसून एका झाडाशी बोलत होते. जवळ गेल्यावर कळलं, ते मोजत होते.

"एकतीस, बत्तीस... थांब माले, मध्ये बोलू नकोस."

मी बांधावर बसले आणि पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. तिथे जुन्या पुस्तकांच्या बांधणीसाठी हा पांढरा, मेण लावलेला दोरा येतो. दवाने कुजत नाही, उन्हाने तुटत नाही. बाबांना दर जानेवारीला एक रीळ लागायचं. एका वर्षी मी लाल आणला, तर त्यांनी तो तसाच परत दिला. "लाल नको. गाव म्हणेल, शिवराम म्हातारपणी नवस बोलायला लागला."

"सदतीस," गुडघ्यांवर हात टेकत ते उठले. "मागच्या साली चौदा होती. यंदा सदतीस."

भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात. बाकी शेत नेहमीसारखंच होतं. पानांवर आधी पाणी सांडल्यासारखे डाग, मग ते तपकिरी होऊन भोवती पिवळं कडं, शेवटी अख्खं पान भाजल्यासारखं वाळलेलं. गावात याला नुसतं करपा म्हणतात. हा जिवाणूंचा करपा. शेंगांवरही त्याचे खोलगट डाग पडतात. आणि हा रोग बाबा दर वर्षी आपल्या हाताने शेताला लावायचे. आजारी पानं पाण्यात कुस्करायची, ते पाणी फडक्यातून गाळायचं आणि पहाटेच्या दवात एकेका झाडावर शिंपडायचं. करपेल ते करपू द्यायचं. उभं राहील त्याला दोरा बांधायचा आणि पुढच्या वर्षी त्याचंच बी पेरायचं. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काचेची भांडी धुतली होती आणि साहेबांनी सांगितलेले आकडे वहीत उतरवले होते. पद्धत म्हणजे काय, हे ते तिथे बघून शिकले होते.

"ह्या सदतीसांना रोग लागतच नाही?" मी विचारलं.

"लागतो की. हे बघ." त्यांनी एक पान उलटं करून दाखवलं. टाचणीच्या डोक्याएवढा डाग होता, तिथल्या तिथे सुकलेला. "येतो, पण मुक्काम करत नाही."

मग त्यांनी सांगितलं की बरणीत राखून ठेवलेलं मागचं बी भुंग्यांनी पोखरलं. चाळलं तर पीठच खाली पडलं. म्हणजे होतं नव्हतं ते ह्या झाडांवर. अजून तीन आठवड्यांनी शेंगा वाळल्या की बी हाती येणार. यंदा प्रत्येकाला मूठभर द्यायचं, सगळ्यात आधी भगवंतला, असं ते म्हणाले.

"भगवंतकाकांना? कशाला?"

"त्याचं शेत गेलं होतं ना." एवढं बोलून ते पुढच्या झाडाकडे वळले.

निघताना त्यांनी मला शेंगा दिल्या. अर्थातच डागाळलेल्या. "डाग खाल्ला म्हणून माणसाला काही होत नाही." सात वर्षं आमच्या घरात अशाच शेंगा शिजत होत्या. दोरा बांधलेल्या झाडाची शेंग ते स्वतःही तोडून खात नसत.

"आणि माले, महेंद्रला फोन कर. पुढच्या रविवारी पोरांना घेऊन यायचं म्हणतोय. त्याला सांग, दोऱ्याच्या झाडांना कोणी हात लावायचा नाही."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं की त्याला वाटतं मी रागावलोय."

करते म्हटलं. अंबरनाथला घरी पोचल्यावर शेंगा निवडल्या, कपड्यांना इस्त्री केली, पुस्तक वाचत पडले. फोन केला नाही. भावाशी बोलायचं म्हटलं की मला कंटाळा यायचा. त्या कंटाळ्याचं कारण मला माहीत होतं, म्हणून तो आणखीच यायचा.

सोमवारी सकाळी बाबा बांधावर बसले ते उठलेच नाहीत. भगवंतकाकांनी शेजारच्या शेतातून बघितलं, धावत आले, पाठीवर घालून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं आणि भाजीच्या टेम्पोतून बदलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. मी पोचले तेव्हा काका दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. शर्टावर बाबांच्या पायांचा चिखल होता. मी त्यांचे आभार मानले. ते मानताना माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की कानाजवळ दुखायला लागलं.

कारण ह्याच माणसाने बाबांना करप्या हे नाव दिलं होतं.

ती गोष्ट दोन हजार साली दिवाळीनंतर सुरू झाली. बाबा नुकतेच कंपनीतून सुटून वांगणीला राहायला आले होते. आमच्या घरी वालाचं बियाणं पत्र्याच्या डब्यात राख घालून ठेवलेलं असायचं. ते आजीच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. माझा धाकटा भाऊ महेंद्र तेव्हा बावीस वर्षांचा. त्याने कशासाठी तरी डबा माळ्यावरून काढला, झाकण उघडंच ठेवलं आणि अवकाळी पावसात कौलातून आलेलं पाणी नेमकं त्यात गळलं. बी भिजलं, फुगलं, त्याला बुरशी आली. तो थेट उल्हासनगरला माझ्या ग्रंथालयात आला.

"ताई, बाबा मला मारतील."

"बाबांनी कधी मारलंय तुला?"

"मारणार नाहीत गं. बोलणार नाहीत. ते बोलायचे बंद झाले की काय होतं, तुला माहितीये."

माहीत होतं. म्हणून मीच त्याला कॅम्पातल्या बाजारात एका धान्याच्या दुकानात घेऊन गेले. सिंधी म्हातारा गल्ल्यावर बसला होता. किलोभर वाल तोलताना त्याने विचारलं, "बोना है क्या?" महेंद्र हो म्हणाला. म्हाताऱ्याने हात थांबवला. "अरे बेटा, ये खाने का माल है. कहां कहां से आता है, मुझे भी पता नहीं. बीज चाहिए तो गांव में किसी से मांग लो."

गावात मागितलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाबांना कळलं असतं. मी म्हटलं, "वाल तो वाल ही होता है, सेठ. आप तोलो."

हे वाक्य माझं आहे. महेंद्रचं नाही.

जानेवारीत आमचं शेत करपलं. फेब्रुवारीत भगवंतकाकांचं, आणि मग त्या पट्ट्यातल्या सगळ्यांचं. असा करपा गावाने बघितलेला नव्हता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. भगवंतकाका म्हणाले, "तीस वरसं कंपनीत काय काय घोटलंस, शिवराम? तेच पायाला लावून शेतात आणलंस, करप्या!" कोणी म्हणालं, रोग आमच्या वाडीतूनच आला. हे म्हणायला त्या माणसाला मुळीच विचार करावा लागला नाही. बौद्धांच्या वाडीबद्दलचं ते वाक्य त्याच्या जिभेवर तयारच होतं. फक्त रोगाची वाट बघत होतं.

बाबा उठले. वहीत आकडे लिहिणारा माणूस. त्यांनी खरं तेच सांगितलं, "कसा आला मला कळत नाही. पण आधी माझ्या शेतात आला, हे खरं आहे. माझ्याकडून आला असेल तर माफ करा." आणि हात जोडले. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभी होते. महेंद्र माझ्या मागे होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

त्या दिवसापासून ते करप्या शिवराम झाले. किराणा दुकानात करप्या, पाणवठ्यावर करप्या. पोरंसुद्धा म्हणायची.

पुढच्या वर्षी ग्रंथालयात रद्दीसाठी काढलेल्या गठ्ठ्यात मला शेतीचं एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात घेवड्यावरच्या जिवाणूजन्य करप्याबद्दल लेख होता. आपल्या वालाचं नाव नव्हतं, पण लक्षणं तीच. मी तो घरी नेला आणि बाबांना मराठीत सांगत वाचून दाखवला. ते वहीत उतरवून घेत होते. रोग मुद्दाम लावून झाडं कशी निवडतात, ते त्यातच होतं. त्याआधीच्या परिच्छेदात लिहिलं होतं की हा रोग मुख्यतः बियाण्यातून येतो, वरून निरोगी दिसणाऱ्या दाण्यातही जिवाणू कित्येक वर्षं जिवंत राहतात, म्हणून कुठून आलं ते माहीत नसलेलं बी पेरू नये.

मी पान उलटलं.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.

"मध्ये नुसते आकडे आहेत," मी म्हटलं.

दोन वर्षं ते रोगाचं मूळ पाण्यात शोधत राहिले, मातीत शोधत राहिले. पाला जाळला, नाल्याची वाट वळवली. मी दर रविवारी जाऊन बघत होते. मला पुस्तकं वाचायची फार हौस. माणसं न बोलल्यामुळे काय काय होतं, याच्या कितीतरी गोष्टी मी वाचल्या होत्या आणि इतरांना वाचायला दिल्या होत्या. बाबांना दोन ओळी वाचून दाखवायचं मात्र मला जमलं नाही. पुढे ते मूळ शोधायचं सोडून झाडं निवडायला लागले, तेव्हा मला हायसं वाटलं. सदतीस झाडं उभी राहिली की सगळं आपोआप मिटेल, मला काही बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

सातव्या दिवशी, रविवारी, घरासमोर मांडव घालून जलदानाचा विधी ठेवला. सकाळी मी मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांसाठी ग्रामसेवकाच्या घरी गेले होते. परत आले तेव्हा बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील म्हणत होते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी बाबांचा कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला फोटो होता. वाडीतले सगळे होते, गावातलेही बरेच आले होते. भगवंतकाका पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते.

मग पंगत बसली. माझी भावजय सुनंदा वाढत होती. भात, वरण, वालाच्या शेंगांची बटाटा घातलेली भाजी. मी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला भाजीतली एक शेंग बोटात धरली आणि हात थांबला. शेंग हिरवी होती, कडेपर्यंत स्वच्छ. सात वर्षांत माझ्या ताटात अशी शेंग आली नव्हती.

"सुनंदा, शेंगा कुठून आणल्या?"

"बाबांच्याच शेतातल्या, ताई," ती वाकून हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ह्यांचीच कल्पना. बाबांच्या हातचं शेवटचं सगळ्यांच्या पोटात जावं. डागवाल्या कशा वाढायच्या लोकांना, म्हणून दोरा बांधलेल्या तेवढ्याच घेतल्या. एकही डाग नाही, बघा."

मी ताटावरून उठले. माझी आत्या कौसाबाई ओरडली, "अगं, पंगत उठायची आहे अजून!" मी घराच्या मागे गेले. तिथे झाडांचा ढीग पडला होता. शेतात वाकून तोडण्यापेक्षा सोपं म्हणून मुळासकट उपटून आणली होती. मुळांची माती वाळून गेली होती, पानं मऊ पडली होती, आणि प्रत्येक बुंध्याला माझा पांढरा दोरा. मी खाली बसून एकेक झाड चाचपलं. दोन-चार शेंगा राहिल्या होत्या. त्या सोलल्या. दाणे कोवळे, पाण्याने भरलेले, नखाने दाबले की फुटणारे. कच्चं बी उगवत नाही. मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजली. सगळी होती.

महेंद्र पाण्याची बादली घ्यायला मागे आला.

"ही कोणी उपटली?"

"मी. का?"

"दोरा कशासाठी बांधला होता, माहीत होतं तुला?"

"चांगली झाडं म्हणून."

"कशासाठी चांगली?"

"ताई, आज नको ना. पाव्हणे आहेत."

"कशासाठी चांगली, महेंद्र?"

त्याने बादली खाली ठेवली. मी सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. इतक्या वर्षांचं काम चार वाक्यांत मावलं, याचाच मला संताप आला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मला काय स्वप्न पडलं होतं? सांगितलं कोणी मला? तुम्ही दोघं ते इंग्लिश कागद घेऊन बसायचात. मी आलो की विषय बंद. माझ्याशी बोलायचं काय, तर रिक्षा मिळाली का, पोरांची परीक्षा कशी झाली. मला वाटलं, एकदा दाखवू सगळ्यांना. करप्या करप्या करतात ना? घ्या म्हणावं, करप्याच्या शेतातली शेंग. काढा डाग."

"आणि म्हणून ती त्यांना खायला घातलीस."

"हो, घातली! आणखी कशी दाखवणार होतो?"

त्याला एक थोबाडीत द्यावी असं मनात आलं. दिली नाही, कारण फोन मी केला नव्हता. तो रडायला लागला. बावीस वर्षांचा असताना रडला होता तसाच, नाक ओढत. त्या वेळी मला त्याची दया आली होती. आता आली नाही. त्याची नाही आणि माझीही नाही.

"आईशप्पथ, ताई, मी त्यांच्यासाठीच केलं."

"डोळे पूस. लोक बाहेर आहेत," मी म्हटलं, आणि आम्ही पुढे आलो.

पंगत उठली होती. भगवंतकाका मांडवाच्या कडेला चूळ भरत होते. महेंद्रने त्यांच्या हातावर पाणी घातलं. ते पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "जेवण झकास झालं रे. शेंगा तर लय गोड. कर्जतच्या बाजारातल्या काय?"

"नाही काका. बाबांच्या शेतातल्या."

काका हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलाच्या थापेला मोठी माणसं हसतात तसे हसले. महेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे पोरा. बापाची माया असती, समजतं मला. मेल्या माणसाला आपन नाय बोलू. पन करप्याच्या वालाला असली शेंग धरली असती, तर आमची शेतं कशाला गेली असती?"

दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, "बाजारातल्याच हायेत. मी वळखतो." आणि तेवढ्यावर तो विषय संपला. माणसं चपला शोधायला लागली. सदतीस झाडं त्यांच्या पोटात होती, आणि बाजारातली म्हणून होती. महेंद्र तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. सात वर्षांपूर्वी दुकानात बघितलं होतं तसं, ताई काहीतरी करेल अशा नजरेने.

बाबांच्या बाजूने बोलेल असं आता जगात काही उरलं नव्हतं. ना झाड, ना दाणा. वही होती, पण करप्याच्या वहीतलं अक्षर कोण खरं मानणार होतं?

"भगवंतकाका," मी म्हटलं. "जरा थांबा. सगळेच थांबा."

"माले, बस खाली," कौसाआत्या म्हणाली. "ही वेळ नव्हं."

"आत्या, ही वेळ सात वर्षं उशिराने आलीये." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. चपला शोधणारे थांबले. "शेंगा बाबांच्याच होत्या. ते मुद्दाम रोग लावायचे, तुम्ही बघितलंय, हसलाही आहात. रोगात जी झाडं उभी राहायची त्यांचंच बी ते धरायचे. यंदा सदतीस झाडं उभी राहिली होती. बी वाळलं की सगळ्यात पहिली मूठ ते तुम्हाला देणार होते, काका. ती झाडं आम्ही आज उपटली, शिजवली आणि वाढली. तुम्ही खाल्लीत, मीही खाल्ली. आता दाखवायला काही नाही. म्हणून तोंडाने सांगते."

"बरं बाय, सांगितलंस ना? पानी पी जरा."

"पाणी नकोय. अजून सांगायचंय. तो करपा कंपनीतून आला नाही. आमच्या वाडीतून आला नाही. हा रोग बियातून येतो, हे छापलेलं आहे, मी वाचलेलं आहे, आणि बाबांपासून मी ते लपवलं. दोन हजार साली आमच्या घरातलं बियाणं भिजून कुजलं होतं. त्याच्या जागी उल्हासनगरच्या बाजारातून खायचा वाल आणून डब्यात भरला. दुकानदार नको म्हणत होता. मी त्याला तोलायला लावलं. बाबांनी तो आपला समजून पेरला. त्यांना कधीच कळलं नाही. तुमच्यासमोर ओट्यावर त्यांनी हात जोडले, तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी खांबाला टेकून उभी होते आणि एक शब्द बोलले नाही."

भगवंतकाकांच्या हातातला पंचा अर्धवट घडी घातलेला तसाच राहिला.

"भरला म्हंजे?" त्यांनी सावकाश विचारलं. "कोनी भरला?"

महेंद्रने मान खाली घातली. सुनंदा दारात उभी होती, तिच्या कडेवर त्यांचं धाकटं मूल होतं.

"मी," मी म्हटलं. "आणि महेंद्रने."